वर्सोवा मेट्रो स्थानकावर उतरल्यानंतर पुढे कसे जावे

मुंबई मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेचे पश्चिमेकडील शेवटचे स्थानक म्हणजे वर्सोवा. ८ जून २०१४ रोजी ही मार्गिका सुरू झाली, घाटकोपरपासूनचे ११.४ किलोमीटरचे अंतर आणि बारा स्थानके ती साधारण एकवीस मिनिटांत ओलांडते. अडचण सुरू होते ती गाडीतून उतरल्यानंतर, कारण वर्सोवा नावाचे स्थानक वर्सोवा गावात नाही. ते जे. पी. रोडवर, सात बंगल्याच्या परिसरात आहे. कोळी मंडळी ज्याला वेसावे म्हणतात ते गाव, तेथील कोळीवाडा आणि खाडीपलीकडच्या मढकडे जाणाऱ्या बोटींचा धक्का हे सर्व तेथून उत्तरेला सुमारे दोन-अडीच किलोमीटरवर आहे. प्रस्तुत लेखकाने पहिल्याच खेपेस नावावर विश्वास ठेवून, खांद्यावर जड पिशवी घेऊन, भर दुपारी हे अंतर पायी तोडले होते. वाचकांनी तसे करू नये, एवढ्यासाठी पुढील माहिती.

सर्वप्रथम, वर्सोव्यापर्यंत जायचे आहे की त्याआधीच्या डी. एन. नगर स्थानकावर उतरायचे आहे, हे गाडीत बसण्यापूर्वी ठरवावे. सात बंगला, यारी रोड, वेसावे गाव, चौपाटी आणि मढची बोट यांसाठी शेवटचे स्थानक योग्य. लिंक रोडवरील ठिकाणी, ओशिवऱ्याला किंवा पुढे गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवलीच्या पश्चिम भागात जायचे असेल, तर डी. एन. नगरला उतरणे शहाणपणाचे, कारण त्या स्थानकाला पादचारी पुलाने जोडलेल्या अंधेरी पश्चिम स्थानकातून २ अ ही मार्गिका दहिसरपर्यंत जाते. अनेक जण शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊन तेथून लिंक रोडसाठी उलटी रिक्षा करतात आणि जे. पी. रोडच्या कोंडीत अडकतात. मेट्रो खांबांवरून ज्या कोंडीला वरच्या वर टाळून आली, तिच्यातच पुन्हा पैसे देऊन उतरण्यात काही अर्थ नाही.

स्थानक उन्नत असल्याने फलाटावरून आधी तिकीट तपासणीच्या मजल्यावर आणि तेथून रस्त्यावर उतरावे लागते. जिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतरतात, आणि चुकीच्या बाजूला उतरल्यास सतत वाहणारा रस्ता ओलांडणे किंवा पुन्हा वर चढणे एवढेच पर्याय उरतात. लक्षात ठेवण्याची सोपी खूण अशी: गाडी ज्या दिशेने धावत आली त्याच दिशेला तोंड करून उभे राहावे. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे डाव्या हाताच्या जिन्याने उतरल्यास सात बंगला व वेसाव्याकडे जाणारी वाहने मिळतात, तर उजव्या हाताच्या जिन्याने उतरल्यास चार बंगला व अंधेरी स्थानकाकडे परतणारी. ज्येष्ठ नागरिकांनी आणि सामान बरोबर असणाऱ्यांनी आधी उद्वाहक कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. बाजू उलट पडली, तरी जिन्यापेक्षा ते परवडते.

रिक्षा हे येथील सर्वांत सोयीचे वाहन आहे. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर क्षेत्रात रिक्षाचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरसाठी २६ रुपये आहे आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला १७.१४ रुपये पडतात. या हिशेबाने बोटीच्या धक्क्यापर्यंत साधारण पस्तीस ते पंचेचाळीस रुपये व्हावेत. वाहतूक खोळंबली तर थांबण्याच्या वेळेचे थोडे अधिक. मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेत पंचवीस टक्के जादा भाडे लागते, ते नियमातलेच आहे, त्यावरून वाद घालू नये. मात्र मीटर न टाकता ठोक रक्कम सांगणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. जवळचे भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ नुसार दंडनीय प्रकार आहे, तरीही संध्याकाळी स्थानकाखाली नकार ऐकावे लागतात. अशा वेळी जिन्याच्या तोंडाशी घोळका करून उभे राहण्याऐवजी पन्नास-शंभर पावले पुढे चालत जावे. चालत्या रस्त्यावर रिकामी होऊन आलेली रिक्षा रांगेतल्या रिक्षेपेक्षा लवकर तयार होते, असा अनुभव आहे.

एकट्याने प्रवास करणाऱ्यास शेअर रिक्षा परवडते. मागच्या सीटवर तिघे भरले की ती निघते आणि ठरलेल्या मार्गाने जाते. बसण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: प्रत्येक सीटचे किती आणि शेवटचा थांबा कोणता. ‘यारी रोड’ एवढेच सांगितल्यास घोटाळा होतो, कारण तो रस्ता बराच लांब आहे. शाळा, देऊळ, सोसायटी अशी जवळची खूण सांगावी. चालकाच्या शेजारी चौथा बसवला जात असेल, तर ती रिक्षा सोडून द्यावी. आणखी एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. मुंबईतील रिक्षा केवळ उपनगरात चालते. वांद्रे आणि शीव यांच्या पलीकडे, शहराच्या दक्षिण भागात, तिला परवानगी नाही. त्यामुळे वर्सोव्याहून रिक्षाने दादरला जाण्याचा विचार करू नये.

बेस्टची बस सर्वांत स्वस्त. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे १० रुपये आणि वातानुकूलित बसचे १२ रुपये झाले आहे. बसचे मार्ग अधूनमधून बदलले जातात, म्हणून जुन्या माहितीवर विसंबून न राहता थांब्यावरील फलक वाचावा किंवा ‘चलो’ ॲपवर बस सध्या कोठे आहे ते पाहावे. बस दहा मिनिटांच्या आत येणार असेल तर थांबावे, नाहीतर रिक्षा धरावी.

वर्सोव्याच्या चौपाटीचा सात बंगल्याकडील भाग स्थानकापासून चालत जाण्याजोगा आहे आणि तेवढ्यासाठी कोणतेही वाहन करू नये.

आता बोटीविषयी जरा सविस्तर, कारण मेट्रोच्या शेवटच्या स्थानकाला अशी जोड मुंबईत क्वचितच मिळते. वेसावे आणि मढ यांच्यामध्ये मालाडची खाडी आहे. समोर मढ डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने जायचे तर मालाडवरून मार्व्याचा वळसा घालून वीस किलोमीटरहून अधिक अंतर पडते. बोट तेच काही मिनिटांत पार करते. बोटीतून दुचाकीही नेता येते. तिकिटासाठी सुटे पैसे जवळ ठेवावेत. ओहोटीच्या वेळी पाणी खाली गेलेले असते आणि चढउतार जिकिरीची होते, म्हणून लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असल्यास भरतीची वेळ पाहून निघावे आणि पायांत घट्ट बसणारी, निसरड्यावर टिकणारी चप्पल असावी. धक्क्याजवळ मासळीची ये-जा सतत चालू असते. वाट अडवून छायाचित्रे काढत उभे राहिल्यास डोक्यावर टोपली घेतलेल्या कोळणीकडून दोन शब्द ऐकावे लागतील, आणि ते योग्यच असतील. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना फेरी बंद ठेवली जाते, त्यामुळे जून ते ऑगस्ट या काळात बोट मिळेलच असे गृहीत धरून बेत आखू नये.

मढला उतरल्यावर त्याच वाटेने परतण्याची गरज नसते. तेथून बेस्टची २७१ क्रमांकाची बस मालाड स्थानकाकडे जाते. मालाडला पश्चिम रेल्वेची लोकल मिळते, किंवा लिंक रोडवरील मालाड पश्चिम स्थानकातून २ अ मार्गिकेने अंधेरी पश्चिमला येऊन डी. एन. नगरच्या पुलावरून पुन्हा पहिल्या मार्गिकेत शिरता येते. मात्र बसला गर्दीच्या वेळी बराच उशीर होतो, म्हणून सुट्टीच्या संध्याकाळी घरी वेळेवर पोहोचायचे असेल, तर बोटीनेच परत यावे.

वर्सोव्याहून उलट दिशेने निघणाऱ्यांसाठी शेवटच्या स्थानकाचा मोठा फायदा म्हणजे बसायला मिळते. गाड्या चार डब्यांच्या आहेत आणि अंधेरीला त्या अक्षरशः भरून जातात. पश्चिम रेल्वेसाठी अंधेरीलाच उतरायचे असेल, तर आत खोलवर जाऊन बसण्याऐवजी दाराच्या जवळपास राहावे, अन्यथा आत येणाऱ्या लोंढ्यातून बाहेर पडणे कठीण होते. मध्य रेल्वेसाठी शेवटपर्यंत, म्हणजे घाटकोपरपर्यंत, जावे. विमानतळावर जाणाऱ्यांनी आणि दक्षिण मुंबई गाठणाऱ्यांनी मरोळ नाका लक्षात ठेवावा. तेथून भुयारी मार्गिका ३ मिळते. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीचे पुढचेच स्थानक विमानतळाचे टर्मिनल २ आहे, आणि ऑक्टोबर २०२५ पासून हीच गाडी वरळी, चर्चगेट करत कफ परेडपर्यंत जाते. लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या तुलनेत हा प्रवास कितीतरी महाग आहे, तरी ऐन गर्दीत सामानासह चर्चगेटला जाणाऱ्याने अंधेरीच्या रेल्वे पुलावर जीव मेटाकुटीस आणण्यापेक्षा हा मार्ग घ्यावा, असे आमचे मत आहे.

पहिल्या मार्गिकेचे भाडे १० ते ४० रुपयांच्या दरम्यान आहे. मार्गिका बदलताना तिकिटाचा प्रश्न येतो, कारण या मार्गिका वेगवेगळ्या संस्था चालवतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘मुंबई वन’ ॲपवर मेट्रो, उपनगरी रेल्वे आणि बेस्टसह अकरा सेवांची तिकिटे काढता येतात. क्यूआर तिकीट मोबाइलवर येते. परतीच्या तिकिटासाठी मोबाइलमध्ये पुरेशी बॅटरी आहे ना, हे बोटीत चढण्यापूर्वीच पाहून घ्यावे. रात्री उशिरा परतणार असल्यास वर्सोव्याहून सुटणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळी येतानाच स्थानकावरील फलकावरून टिपून ठेवावी, आणि ती वेळ फलाटावरून गाडी सुटण्याची असल्याने रस्त्यावरून वर चढण्यासाठी व सुरक्षा तपासणीसाठी दहा मिनिटे हाताशी ठेवावीत.