पाण्यात टिकणारी स्टिकर्स: माझी घरची पद्धत

संत्र्याच्या सरबताच्या बाटल्यांसाठी मी घरीच लेबलं करते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, आणि कच्चं लेबल तिथंच सुटतं.

साधा स्टिकर कागद घेऊच नका, तो भिजतो. इंकजेट प्रिंटरवर चालणारं व्हिनाइल, म्हणजे मागून चिकट असलेलं प्लास्टिकचं पान, घ्या. पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची) असेल तर उत्तम. डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) पाण्यात पसरते. छापल्यावर एक पूर्ण दिवस वाळू द्या. नागपुरात मे महिन्यात सगळं लवकर वाळतं असं वाटतं, पण कूलर लावलेल्या खोलीत हवा दमट असते. माझी पहिली दहा पानं तिथंच चिकट राहिली. आता मी पानं कूलर नसलेल्या खोलीत, सावलीत ठेवते.

मग वरून थंड लॅमिनेशनची, म्हणजे उष्णता न देता चिकटणारी, पारदर्शक फिल्म. एका कडेपासून कापडानं दाबत न्या, बुडबुडा राहू देऊ नका. कापायच्या मशीनला जागा कळावी म्हणून पानाच्या कोपऱ्यांत छापलेल्या काळ्या खुणांवर फिल्म नको. चकाकीमुळे मशीनच्या सेन्सरला त्या दिसत नाहीत.

कापताना चित्राभोवती २-३ मिमी पांढरी कड सोडा, म्हणजे पाणी शाईपर्यंत सहज पोचत नाही. टोकदार कोपरे आधी उचकटतात, म्हणून ते गोल करा. ब्लेडनं फिल्म आणि व्हिनाइल कापावं, खालचा कागद नाही. आधी कोपऱ्यात छोटा चौकोन कापून पाहाच.

बाटली स्पिरिटनं पुसून, कोरडी करून चिकटवा. त्यानंतर दोन दिवस धुऊ नका, गोंदाला पकड घ्यायला वेळ लागतो.