स्पेनमधल्या पेटंटचा पेच असा सोडवला

ठिबकच्या फिल्टरमधली जाळी पाण्याच्या दाबानेच फिरून धुतली जाईल, अशी रचना आम्ही केली. भारतात पेटंटचा अर्ज टाकला आणि पाठोपाठ स्पेनच्या व्यापाऱ्याने ड्रॉइंग मागितलं. भारतातलं पेटंट भारतापुरतंच. तिकडे कुणी हुबेहूब माल काढला असता, तर आम्हाला काहीच करता आलं नसतं.

पेटंटविषयीच्या पॅरिस करारामुळे (हवामानाचा नव्हे) वाट निघाली. पहिल्या अर्जापासून 12 महिन्यांत बाहेर अर्ज केला, तर पहिलीच तारीख धरतात. देशोदेशी वेगळा खर्च तेव्हा झेपणारा नव्हता, म्हणून पीसीटीचा, म्हणजे अनेक देशांसाठी चालणाऱ्या पेटंट सहकार्य कराराखालचा, एकच अर्ज केला. युरोपियन पेटंट ऑफिसात जायला त्याने पहिल्या तारखेपासून 31 महिने मिळतात. खरा फायदा त्यासोबत येणाऱ्या शोध अहवालाचा, म्हणजे असं काही आधी झालंय का हे सांगणाऱ्या अहवालाचा. फिरती जाळी जुनीच आहे, हे त्यात दिसलं. मग दावा, म्हणजे ज्या भागावर हक्क मागायचा तो मजकूर, जाळीवरून काढून तिला फिरवणाऱ्या तोटीच्या कोनावर आणला. हे काम पेटंट एजंटवर सोडू नका, शेजारी बसून करा.

स्पेन युरोपच्या एकत्रित पेटंटमध्ये (अनेक देशांत एकच चालणाऱ्या पेटंटमध्ये) नाही. तिथे मंजुरीनंतर स्पॅनिश भाषांतर वेगळं द्यावं लागतं. तो खर्च आधीच धरा. आणि बाहेर अर्ज करण्याआधी, भारतात अर्ज केल्यावर 6 आठवडे थांबा, नाहीतर परवानगी घ्या. भारताच्या पेटंट कायद्याचं कलम 39 तसं सांगतं.