पहिलं रायडिंग गिअर घेताना

बाईक चालवताना घालायच्या संरक्षक गोष्टींसाठी बजेट मर्यादित असेल तर आधी हेल्मेट, मग ग्लोव्हज. जॅकेट, बूट त्यानंतर. ग्लोव्हज इतक्या वर का? कारण पडताना माणूस आपसूक हात टेकतो. म्हणून तळव्याच्या मनगटाकडच्या भागावर रस्त्यावर घसरणारी कडक पट्टी आहे का बघा, आणि मनगटाचा पट्टा आवळून ग्लोव्ह ओढून पाहा. निघून आला तर तो नको.

हेल्मेट दुकानातच पंधरा-वीस मिनिटं घालून बसा. गाल दाबले गेले तर चालेल, नवीन पॅड थोडे सैल होतातच. पण कपाळावर एकाच ठिकाणी दुखायला लागलं तर तो आकार तुमच्या डोक्याचा नाही. पट्टा लावून मागची कड वर, पुढच्या दिशेने ढकला. हेल्मेट डोक्यावरून सुटता कामा नये. सेकंडहँड मात्र घेऊच नका, मग कितीही स्वस्त मिळो: आतला थर्माकोलसारखा थर आघात झेलताना दबतो तो दबतोच, आणि बाहेरून काही कळत नाही.

जॅकेट आरशासमोर उभं राहून पसंत करू नका. गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करा. कोपराचं पॅड कोपरावरच राहिलं पाहिजे. पॅडवर ईएन १६२१ (अशा पॅडसाठीचं युरोपीय मानक) आणि लेव्हल छापलेली असते, २ ही १ पेक्षा जास्त धक्का शोषते. पाठीला बऱ्याच जॅकेटांत नुसता फोम असतो, तो काढून खरं प्रोटेक्टर घाला. बूट घोट्याच्या वर जाणारे हवेत, लेस आत खोचता येईल असे.