वृद्धाश्रमात नर्स म्हणून लागताय? आधी गोळ्यांची फाईल उघडा

जीएनएम नर्सिंगचा कोर्स झाला की नागपुरात बरेच जण आधी वृद्धाश्रमात लागतात, तिथे बीपी-शुगर कोणीही शिकवतं पण डिप्रेशनच्या गोळ्यांचं कोणी सांगत नाही, म्हणून लिहून राहिली.

फाईल उघडली की प्रत्येक गोळीसमोर दोन गोष्टी शोधा, कधी सुरू झाली अन् कशासाठी. आमच्याकडच्या एका आजींना रात्री अमिट्रिप्टिलीन ही डिप्रेशनची जुनी गोळी होती, कधीतरी पायाच्या आगीसाठी दिलेली, नंतर पायाची आग थांबली पण गोळी चालूच! वर तोंड कोरडं, पोट साफ नाही, लघवी अडते, कधी कधी बरळायच्या, अन् घरचे म्हणे वय झालं. म्हाताऱ्या माणसांना ही शक्यतो टाळा असं अमेरिकेच्या बीअर्स यादीतही (म्हाताऱ्यांना जपून द्यायच्या औषधांची यादी) आहे. पण म्हणून आपल्या मनाने बंद नाही करायची हां, अशा गोळ्या डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन ह्या डिप्रेशनच्या गोळ्या त्यापेक्षा बऱ्या, पण रक्तातलं सोडियम उतरवू शकतात. सुरुवातीचे काही आठवडे जास्त जपायचं, त्यात बीपीसाठी थायझाइड (लघवी वाढवणारी गोळी) चालू असेल तर अजूनच. आता मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, आजोबा सुस्त झाले, तोल जाऊन राहिला, काहीबाही बोलून राहिले की सगळे म्हणतात ऊन लागलं, पाजा पाणी. ऊन असेलही, पण सोडियम कमी असेल तर नुसतं पाणी पाजून ते आणखी उतरू शकतं. डॉक्टरांना फोन करा अन् रक्त तपासून घ्या.

नातेवाईक आठवड्यातच विचारतात, फरक काऊन नाही? चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही, हे आधीच सांगून ठेवा.

जीडीएस म्हणजे म्हाताऱ्यांमधलं डिप्रेशन चाचपायची प्रश्नावली, तिचे १५ प्रश्न मराठीत शांतपणे विचारायला शिका. पाच किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना दाखवायचं, निदान आपण नाही करायचं. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) पुढे गेला असेल तर मात्र हे प्रश्न फारसे चालत नाहीत, तिथे कॉर्नेल स्केल, त्यात सांभाळणाऱ्यालाही विचारतात, म्हणजे आपल्यालाच. २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये ब्रिटनची एक ट्रायल आली होती, डिमेन्शियातल्या डिप्रेशनवर सर्ट्रालिन अन् मिर्टाझापिन दोन्ही प्लासिबोपेक्षा (औषध नसलेली नुसती गोळी) सरस ठरल्या नाहीत. माझ्या मते अशा आजोबांजवळ संध्याकाळी बसणारं कोणी हवं, पण ड्युटी लावताना ते कोणी धरत नाही.

मेडिकलच्या (नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज) मानसोपचार ओपीडीत नेताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, गुडघ्यासाठी घेतलेली ट्रामाडॉलसुद्धा, आणि झोपून व उभं राहून घेतलेलं बीपी लिहून न्या.