मेमरी भरली म्हणून मी नको तिथे साफसफाई केली

संगणक शिकायला लागून मला सहा महिने झाले होते आणि मशीन रखडायला लागलं. माउस हलवला की बाण क्षणभर थांबून मग हलायचा. फाइल उघडली की नुसती पांढरी चौकट. शेजारी बसणाऱ्या अनुभवी माणसाने मान न वळवता सांगितलं, "मेमरी भरलीये. काहीतरी उडव." मी उडवलं. जुने फोटो, गाणी आणि त्यांच्याबरोबर सहा महिन्यांच्या नोट्सचं अख्खं फोल्डर, कारण त्याची एक प्रत दुसरीकडे आहे असा माझा समज होता. ती नव्हती. रिसायकल बिनही रिकामी केली. मग मशीन बंद करून चालू केलं, तर एकदम सुरळीत! हाच उपाय, अशी माझी खात्रीच पटली. दुपारपर्यंत ते पुन्हा रखडलं.

इनपुट, प्रोसेस, आउटपुट तुम्हाला माहीत असणार. कीबोर्ड-माउस आत पाठवतात, मॉनिटर-प्रिंटर बाहेर दाखवतात, मधलं काम सीपीयू करतो, मदरबोर्ड सगळ्यांना जोडतो, एसएमपीएस वीज पुरवतो. एवढं मलाही येत होतं, आकृती डोळे मिटून काढता यायची. त्या आकृतीत 'मेमरी' नावाचा एकच चौकोन होता, आणि घात तिथेच झाला.

मेमरी हा शब्द आपण दोन वेगळ्या वस्तूंना लावतो. एक रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा; दुसरी हार्ड डिस्क किंवा एसएसडी, म्हणजे कायमची साठवण. दोन्ही जीबीमध्ये मोजतात, दोन्ही 'भरतात', म्हणून नवशिक्याला त्या एकच वाटतात. फोन घेताना ८ आणि १२८ असे दोन आकडे सांगतात ना? त्यातला ८ म्हणजे रॅम आणि १२८ म्हणजे साठवणीची जागा. फोटो काढून काढून भरते ती दुसरी. फोटो उडवल्याने पहिलीत काडीचाही फरक पडत नाही.

रॅम मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा गोष्ट डोक्यात उतरली. तळहाताएवढी लांब हिरवी पट्टी, तिच्यावर ओळीने काळ्या चिप्स, खालच्या कडेला सोनेरी दात आणि दातांच्या मध्ये एक खाच, पट्टी उलटी बसू नये म्हणून. त्या काळ्या चिप्समध्ये प्रत्येक बिटसाठी, म्हणजे एका १ किंवा ० साठी, एक अतिसूक्ष्म कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) असतो. त्यात विद्युतभार आहे की नाही, यावरून १ की ० ते ठरतं. हा भार सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणारं कोणी नाही, मग आतलं सगळं पुसलं जातं. हार्ड डिस्क तेच चुंबकीय खुणांनी लिहून ठेवते, एसएसडी तिच्या पेशींमध्ये इलेक्ट्रॉन अडकवून ठेवते. त्यांना टिकायला वीज लागत नाही.

मग सगळं डिस्कवरच का ठेवत नाहीत? हा प्रश्न मी विचारला नव्हता, तुम्ही विचारा. रॅमकडून उत्तर यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीकडून १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, फिरत्या हार्ड डिस्ककडून १० मिलिसेकंदांच्या घरात. हे आकडे वाचून काही बोध होत नाही, म्हणून मी ते ताणून बघते. रॅमचं उत्तर एका सेकंदात आलं असं धरलं, तर एसएसडी पाव तासाहून जास्त घेईल आणि हार्ड डिस्क एका दिवसाहून जास्त. सीपीयू सेकंदाला अब्जावधी ठोके टाकत असतो. त्याला तेवढं थांबवून चालत नाही, म्हणून चालू काम रॅममध्ये आणि जपून ठेवायचं ते डिस्कवर.

आता माझ्या मशीनचं बघा. मी ब्राउझरचे वीसेक टॅब, दोन मोठ्या एक्सेल फाइल आणि एक व्हिडिओ एकाच वेळी उघडून बसत होते. भरली होती रॅम. ती भरली की ऑपरेटिंग सिस्टीम (विंडोजसारखी, सगळं मशीन चालवणारी) त्यातला सध्या न लागणारा भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. यालाच व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. म्हणजे प्रत्येक क्लिकमागे ती पाव तासवाली किंवा दिवसवाली फेरी. बाण थांबून हलायचा तो त्यामुळे. बंद करून चालू केल्यावर मशीन सुरळीत झालं, कारण रॅम रिकामी झाली. उडवलेल्या नोट्सचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. चुकीचा उपाय आणि खरा उपाय मी पाठोपाठ केले आणि श्रेय चुकीच्याला दिलं.

डिस्क अगदी काठोकाठ भरली तर त्या फेऱ्यांना जागा उरत नाही आणि तेव्हाही मशीन अडतं, हेही खरं आहे. पण आधी बघायचं, मग उडवायचं. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. माझ्याकडे मेमरीचा आकडा ९० टक्क्यांच्या वर होता. एक इशारा इथेच देते: त्याच खिडकीत डिस्कसमोर १०० टक्के दिसलं तर डिस्क भरली असा अर्थ काढू नका. तो आकडा डिस्क किती व्यग्र आहे ते सांगतो. किती भरली ते बघायला फाइल एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हखालची पट्टी बघावी लागते.

हे पक्कं व्हायला मी एक अक्षर घेऊन बसले होते. 'क' दाबला. कीबोर्डने कोणती कळ दाबली याचा संकेत पाठवला, सीपीयूने तो वाचला, त्या 'क'साठी रॅममध्ये काही बाइट (आठ-आठ बिटांचे गट) बदलले आणि पडद्यावर 'क' उमटला. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे आणि यूटीएफ-८ पद्धतीने तो साठवायला तीन बाइट लागतात. 'कि' लिहिलं तर सहा, कारण वेलांटी वेगळी मोजली जाते. या क्षणी 'क' तुमच्यासमोर दिसतोय, पण डिस्कला त्याचा पत्ताही नाही. कंट्रोल-एस दाबलंत, की तो तिथे पोहोचतो. मला मुलाखतीत हेच विचारलं होतं: "फाइल सेव्ह केलेली नाही, पण दिसतेय. मग ती आत्ता कुठे आहे?" तेव्हा मी "मॉनिटरमध्ये" म्हणाले होते. तुमच्याकडूनही असं उत्तर गेलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. रॅमची एक पट्टी हातात घेतल्यावर हे कायमचं समजतं. फक्त मशीन बंद करा, वायर काढा, सोनेरी दातांना बोट लावू नका.

आता शिकण्याच्या पद्धतीबद्दल, माझं ठाम मत. संगणकाच्या पिढ्या आणि लघुरूपांचे विस्तार पाठ करण्यात पहिला महिना घालवू नका. परीक्षेपुरतं ते आठवड्यात होतं. इतिहास वाचायचाच तर असा वाचा की यंत्र समजेल. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने एकोणिसाव्या शतकात अ‍ॅनालिटिकल इंजिन या यांत्रिक संगणकाचा आराखडा केला, तेव्हाच आकडेमोडीच्या भागाला त्याने 'मिल' म्हटलं आणि आकडे ठेवायच्या भागाला 'स्टोअर'. गिरणी आणि कोठार! १९४५ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनच्या संगणकाच्या रचनेवरच्या अहवालात गणित, नियंत्रण, मेमरी, इनपुट, आउटपुट असे भाग मांडले गेले. आपल्या पुस्तकातले चौकोन त्याच वळणाचे आहेत. हे कळल्यावर ती आकृती मला परकी वाटेनाशी झाली.

आणि गुरू निवडताना त्याचे हात बघा. तुमच्या हातातला माउस काढून घेऊन झटपट करून दाखवणारा माणूस प्रेमळ असला तरी त्याच्याकडून शिकणं होत नाही. मला ज्यांनी खरं शिकवलं ते खुर्चीच्या मागे उभे राहायचे आणि मला अर्धा तास चुकू द्यायचे. शॉर्टकटच्या शंभर कळांचे तक्तेही नकोत. सेव्ह, कॉपी, पेस्ट, अनडू आणि खिडकी बदलायची ऑल्ट-टॅब, एवढ्या पाच बोटांत बसल्या की बाकीच्या कामातून येतात. टायपिंग मात्र पहिल्या दिवसापासून दहा बोटांनी. इथे मी कुणाला सवलत देत नाही.

मशीन घेताना दोन्ही मेमरी वेगळ्या विचारा. पत्रं, हिशेब, इंटरनेट, अभ्यास यांसाठी सीपीयूचा मोठा आकडा बघून हुरळू नका. एसएसडी आहे का आणि रॅम पुढे वाढवता येते का, ते बघा. काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते, तिथे नंतर काही करता येत नाही. व्हिडिओ संपादन किंवा त्रिमितीय चित्रं करायची असतील, तरच ग्राफिक्स कार्डकडे वळा. जुन्या मशीनची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं हा माझ्या अनुभवात सगळ्यात समाधान देणारा बदल आहे.

एक राहिलं. हे वाचायच्या आधीच तुम्ही काही उडवून बसला असाल तर घाबरू नका, पण मशीनवर काम करणं ताबडतोब थांबवा. हार्ड डिस्कवरची फाइल उडवली की आतला मजकूर लगेच पुसला जात नाही, फक्त ती जागा मोकळी आहे अशी नोंद होते. त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जाणकार माणूस ती परत मिळवू शकतो. एसएसडीवर ही संधी फार कमी असते. माझी हार्ड डिस्क होती. नोट्स गेल्याचं मला त्याच संध्याकाळी कळलं आणि मी पुढचे चार दिवस त्याच डिस्कवर नव्या नोट्स लिहून ठेवत राहिले.