ट्लिंगिट शोकगीतांची जुनी फीत हाती आली तर

फीत लगेच मशीनवर चढवू नका, आधी डबा वाचा. मी अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या ट्लिंगिट या आदिवासी समाजाच्या जुन्या ध्वनिफिती डिजिटल करते, आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगते. डब्यावर संशोधकाचं नाव ठळक असतं. गाणाऱ्याचं कोपऱ्यात पेन्सिलीनं, कधी तेही नाही. डब्याच्या सगळ्या बाजूंचे आणि आतल्या चिठ्ठ्यांचे फोटो काढा. आपल्याला हवंय गाव, साल, गाणारी व्यक्ती आणि मुख्य म्हणजे गाणं कोणत्या कुळाचं.

कारण इथे गाण्याला मालक असतो. ट्लिंगिट समाजाची दोन अंगं, डोमकावळा आणि गरुड, प्रत्येकात अनेक कुळं. मूल आईच्या कुळाचं, आणि लग्न रीतीनं समोरच्या अंगातच. गाणी, नावं, चिन्हं कुळाची मालमत्ता. माणूस गेल्यावर साधारण वर्षभरानं किंवा नंतर त्याचं कुळ ‘कू-ईख’ हा स्मृतिसमारंभ मांडतं आणि अंत्यविधीत राबलेल्या समोरच्या अंगाच्या लोकांची परतफेड करतं. सुरुवातीला यजमान आपली शोकगीतं म्हणतात, रीतीनं चार. मग पाहुणे उठून सांत्वनाची भाषणं करतात, यजमानांचं दुःख उतरवतात. पुढे जेवण, नाच, भेटवस्तू, पार पहाटेपर्यंत. त्यामुळे एकाच समारंभाच्या फितीत आधी हुंदके आणि नंतर हशा आला तर चक्रावू नका, आणि क्रम तर अजिबात बदलू नका.

जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. ओवी कुणीही म्हणावी, जितकी पसरेल तितकी जगली असं आपल्याला वाटतं. इथे परवानगीशिवाय पसरवलेलं शोकगीत म्हणजे चोरी. गाव कळलं की तिथल्या आदिवासी शासनाकडे विचारणा करा. ज्यूनो शहरातली सीअलास्का हेरिटेज इन्स्टिट्यूट ही १९८० पासून चालणारी संस्थाही वाट दाखवू शकते. फीत कुणाला ऐकवायची असेल तर आधी सांगा की आवाज अमुकचा असू शकतो. मेलेल्या मावशीचा आवाज अचानक कानावर येणं हा काही किरकोळ प्रसंग नाही. घाई करू नका, आणि ऐकणाऱ्याला एकटं बसवू नका.

आता फीत. रीळ उजेडापुढे धरा. गुंडाळीतून उजेड झिरपत असेल तर फीत बहुधा अ‍ॅसिटेट या जुन्या प्लास्टिकची. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती सडायला लागली आहे आणि तिचा नंबर पहिला. अ‍ॅसिटेट कधीही भाजू, म्हणजे मंद उष्णतेत तापवू, नका. भाजण्याचा उपाय सत्तरच्या दशकापासूनच्या काही चिकट झालेल्या पॉलिएस्टर फितींसाठी आहे, तोही जाणकाराच्या हातून.

वेग ठरवणं ही खरी मेख. नुसता गळा आणि ढोल. पट्टी ताडून पाहायला पेटी नाही की तंबोरा नाही. मी फितीतली विजेची गुणगुण शोधते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची. भारतातल्या फितींवर हात बसलेले लोक सवयीनं ५० शोधतात आणि गोंधळतात. गुणगुण ५७ वर दिसली तर फीत हळू चालते आहे. पण ध्वनिमुद्रण जनरेटरवर झालं असेल तर या खुणेवर विसंबू नका. मग गाण्याआधीचं साधं बोलणं ऐका, माणसाचा आवाज चिरका किंवा घोगरा झालाय का ते कळतं. मशीनमधल्या, फीत वाचणाऱ्या हेडचा कोनही प्रत्येक फितीला नव्यानं जुळवा. ट्लिंगिट भाषेत कुजबुजल्यासारखी घर्षक व्यंजनं भरपूर, आणि कोन चुकला की पहिली तीच जातात.

जतनाची फाईल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, ब्रॉडकास्ट वेव्ह या प्रकारची. तिच्यावर आवाज साफ करायचे फिल्टर लावायचे नाहीत. खोकला, रडणं, खुर्च्यांची करकर, सगळं राहू द्या. सगळ्यात जास्त जपायचं ते गाण्याआधीचं बोलणं. गाणं कुणी रचलं, कुणासाठी, कोणत्या कुळाचं, हे गाणारा तिथे सांगतो. ती चार वाक्यं म्हणजे त्या गाण्याचा सातबारा. आणि ‘गाणं इथून सुरू’ म्हणून नेमकी तीच कापणारे महाभाग मी पाहिलेत. मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिका द लागुना यांनी १९५२ आणि १९५४ मध्ये याकुटाट या ट्लिंगिट गावात गाणी ध्वनिमुद्रित केली. १९७२ च्या त्यांच्या ग्रंथात गाण्यांबरोबर कुळांची माहितीही छापली आहे. त्या वाटेनं जा. नोंदवहीत पहिला रकाना कुळाचा ठेवा, शीर्षकाचा नंतर.

मग प्रश्न येतोच: नेटवर कधी टाकायचं? बहुधा कधीच नाही, आणि ते तुम्ही ठरवायचं नाही. १९२३ पूर्वी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं अमेरिकी कायद्यानं १ जानेवारी २०२२ पासून सर्वांना खुली झाली. त्यामुळे फितीआधीच्या काळातल्या मेणाच्या नळकांड्यावरचं, तेव्हाच प्रकाशित झालेलं गाणं वापरल्याबद्दल कोर्ट तुम्हाला बहुतेक अडवणार नाही. कुळाचा कायदा मात्र वेगळा आहे, आणि या कामात मी तोच वरचा मानते. कुणाला काय ऐकू द्यायचं हे समाजानंच ठरवण्यासाठी बनवलेली मुकुर्तू ही मुक्त प्रणाली आहे, ती वापरा. फाईलच्या तीन प्रती, त्यातली एक वेगळ्या गावात, आणि चेकसम, म्हणजे फाईल बदलली का ते सांगणारा आकडा, दरवर्षी तपासा. परक्या क्लाउडवर ठेवण्याआधीसुद्धा विचारा. आपोआप उपशीर्षकं करणाऱ्या सेवांना ही फाईल देऊच नका.

नवं ध्वनिमुद्रण करायचं असेल तर बोलावणं आल्याशिवाय यंत्र बाहेर काढू नका. बोलावणं आलं तरी शोकगीतांच्या भागाची परवानगी वेगळी विचारा. जेवणाची आणि नाचाची मिळाली म्हणून ती मिळत नाही. यजमान आणि पाहुणे दोन्ही बाजूंचं बोलणं पकडायचं असतं, म्हणून दोन माइक लागतात. ढोल जवळ असला तर पातळी खाली ठेवा, पहिल्याच थापेला आवाज फाटतो. बॅटऱ्या रात्रभर पुरतील एवढ्या घ्या.

काम संपलं की मूळ कार्ड किंवा फीत कुळाच्या माणसाच्या हाती द्या, आणि सोबत ऐकायला सोपी प्रत. तरुणांना फोनवर एमपीथ्री चालते. वडीलधाऱ्यांना सीडी हवी असते. वर गाणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा, तुमचं नाही लिहिलंत तरी चालेल.