लॉगिनच्या लायब्ररीवर एआयला कामाला लावताय? आधी हे लिहून ठेवा

आमची मोबाईल लॉगिनची लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे, अँड्रॉइड आणि आयओएस दोन्हीची, ती दुसऱ्यांच्या ॲपमध्ये बसते आणि त्यातलं एक ॲप बाजारभावाचं आहे. मागच्या सोयाबीनच्या हंगामात परभणीच्या मोंढ्यातून तक्रार आली की भाव बघायला ॲप उघडलं की ते परत ओटीपी मागायलंय, आणि तिथं गर्दीत नेटवर्क असं की ओटीपी येईस्तोवर सौदा होऊन जातो.

मी तो बग जसाच्या तसा कोडिंग असिस्टंटला, म्हणजे कोड लिहिणाऱ्या एआयला दिला. त्यानं पाच मिनिटात तीन वेळा रिट्राय (फसलं की परत प्रयत्न) टाकला, सगळ्या टेस्ट हिरव्या म्हणजे पास, आणि तक्रारी वाढल्या.

झालं काय होतं, ते सांगतो. ॲक्सेस टोकन (लॉगिन झाल्याची थोड्या वेळाची खूण) संपलेलं, स्क्रीन उघडताच दोन रिक्वेस्ट एकदम गेल्या, दोघींना 401 (ओळख पटली नाही) आला आणि दोघीही एकच रिफ्रेश टोकन (ज्यावर नवीन ॲक्सेस टोकन मिळतं) घेऊन सर्व्हरकडे पळाल्या. आमचा सर्व्हर दर वेळी रिफ्रेश टोकन बदलतो, त्यामुळं पहिलीला नवीन मिळालं, दुसरी जुनं घेऊन पोचली तर सर्व्हरला वाटलं टोकन चोरीला गेलं, त्यानं पूर्ण सेशनच बंद केलं. सर्व्हर बरोबरच वागला. रिट्रायनं तेच जुनं टोकन आणखी तीनदा दाखवलं, बस. खरा उपाय म्हणजे रिफ्रेश एकच जाणार, बाकीच्या रिक्वेस्ट थांबून त्याचंच उत्तर वापरणार, यालाच लॉक म्हणतात. आणि उत्तर वाटेतच नेटवर्क गेल्यामुळं हरवलं तर नुसत्या लॉकनं भागत नाही, तिथं सर्व्हरलाच जुन्या टोकनला काही सेकंदांची सूट द्यावी लागते. हे असिस्टंटला कसं कळणार, आपण सांगितलंच नव्हतं ना.

म्हणून रेपोच्या (कोडच्या मुख्य फोल्डरच्या) मुळाशी असिस्टंटला वाचायला एजंट्स डॉट एमडी नावाची फाईल ठेवा (क्लॉड कोड वापरत असाल तर क्लॉड डॉट एमडी). बिल्ड आणि टेस्टच्या कमांड वर लिहा, मग नियम, आणि प्रत्येक नियमाला कारण जोडा. कारण नसलं की असिस्टंट अडचण आली की नियमाला वळसा घालतो, हे मी लई वेळा बघितलंय.

आमच्या फाईलीत पहिलं वाक्य असं आहे: “लॉगिनचं पान वेबव्ह्यूमध्ये (ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये) उघडू नको, कारण ज्या ॲपमध्ये ते उघडतं त्याला टाईप केलेला पासवर्ड वाचता येतो, त्याऐवजी अँड्रॉइडला कस्टम टॅब्स, आयओएसला एएसवेबऑथेंटिकेशनसेशन वापर.” हे आमच्या मनाचं नाही, 2017 च्या आरएफसी 8252 (इंटरनेटचे नियम सांगणारा दस्तऐवज) मध्ये नेटिव्ह ॲपसाठी हेच सांगितलंय, तो नंबर पण फाईलीत टाका. पीकेसीईचं (लॉगिनचा कोड मधेच कोणी पळवला तरी वापरता येऊ नये म्हणून असलेली सोय) तसंच, व्हेरिफायर (त्यातला गुप्त मजकूर) 43 ते 128 अक्षरांचा, सिक्युअर रँडममधूनच, पद्धत एस256, “प्लेन” कधीच नाही. क्लायंट सीक्रेट (ॲपचा सर्व्हरसाठीचा पासवर्ड) ॲपमध्ये ठेवायचं नाही, एपीके (अँड्रॉइड ॲपची फाईल) उघडून कोणीही काढतं.

साठवणुकीचा नियम जरा सविस्तर लिहा. टोकनचं एन्क्रिप्शन अँड्रॉइडला कीस्टोअरमधल्या कीनं, आयओएसला टोकन कीचेनमध्ये (दोन्ही फोनच्या तिजोऱ्याच), हे असिस्टंटला माहीत असतं. पण फिंगरप्रिंटला बांधलेली की असेल आणि माणसानं फोनमध्ये नवीन बोट नोंदवलं तर ती की कायमची बाद होते, एरर येतो, आणि तिथं असिस्टंट तो एरर गुपचूप गिळतो किंवा टोकन साध्या शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये (ॲपच्या सेटिंगच्या उघड्या फाईलीत) टाकतो. म्हणून स्पष्ट लिहा: की पुसायची, सेशन पुसायचं, परत लॉगिन मागायचं, दुसरी वाट काढायची नाही.

लॉगमध्ये टोकन छापायचं नाही. पब्लिक फंक्शनचं नाव विचारल्याशिवाय बदलायचं नाही, कारण ही लायब्ररी आहे, दुसऱ्याचं ॲप फुटतं. आणि आपल्यासाठी पण एक, खरं टोकन चॅटमध्ये पेस्ट करू नका, टेस्टला खोटा सर्व्हर वापरा.

काम देताना “हा बग काढ” म्हणू नका. आधी बग दाखवणारी, लाल होणारी टेस्ट लिहून घ्या, ती स्वतः वाचा, कमिट करा, मग म्हणा आता कोड बदल पण टेस्टच्या फोल्डरला हात लावू नको. काम झाल्यावर त्या फोल्डरचा गिट डिफ (काय काय बदललं ते) बघाच, एखादा असर्ट (टेस्टमधली अट) हळूच सैल केलेला सापडतो.

मोंढ्याच्या बगची टेस्ट आम्ही अशी लिहून घेतली: टोकन संपवायचं, एकदम दहा रिक्वेस्ट सोडायच्या, खोट्या सर्व्हरवर रिफ्रेश किती आले ते मोजायचं. जुन्या कोडवर दहा आले. लॉक टाकल्यावर एक आला, आणि दहाही रिक्वेस्टना उत्तर मिळालं. मग दुसरी टेस्ट, रिफ्रेशचं उत्तर सर्व्हरनं पाठवायचं पण फोनपर्यंत पोचू द्यायचं नाही. ती अजून लाल आहे, ती सूट सर्व्हरवर टाकायचं काम चालू आहे, आणि तोवर असिस्टंटनं ती “तात्पुरती बंद” करू नये हेही फाईलीत लिहून ठेवलंय.